दोन दासी आणि एक सज्जन सुभेदार

निनावी पत्राचा अनुभव नाही असे सरकारी कार्यालय शोधूनही सापडायचे नाही. वर पत्ता अगदी बरोबर, आत नावांची भलीमोठी यादी आणि खाली सही म्हणून 'एक हितचिंतक'. साहेब ते पत्र वाचतात, घडी घालतात, पुन्हा उघडतात. केराच्या टोपलीत टाकावे, तर उद्या त्यात काही तथ्य निघाले म्हणजे पंचाईत. चौकशी लावावी, तर कोणाच्या संसाराची राखरांगोळी होईल याचा नेम नाही.

अशीच एक निनावी यादी इ. स. ११२ च्या सुमारास एका रोमन सुभेदाराच्या हाती पडली. काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या गावांतून तेव्हा त्याचा दौरा चालू असावा. यादीत पुष्कळ नावे होती आणि आरोप सगळ्यांवर एकच होता. ही माणसे 'ख्रिस्ती' आहेत!

सुभेदार गोंधळला आणि त्याने थेट सम्राटाला पत्र लिहून सल्ला विचारला. वाचकहो, ते पत्र आणि सम्राटाचे उत्तर, दोन्ही आज उपलब्ध आहेत. ख्रिस्ती लोक कसे राहत, कसे जमत, काय करत, याविषयी ख्रिस्ती नसलेल्या माणसाने लिहिलेली इतकी जुनी आणि इतकी तपशीलवार हकीकत दुसरी नाही. पण ही माहिती ज्या मार्गाने मिळाली तो मार्ग वाचला, की मन विषण्ण होते.

मामाचा भाचा

या सुभेदाराचे नाव प्लिनी. इतिहासात त्याला धाकटा प्लिनी म्हणतात, कारण त्याचा मामा थोरला प्लिनी हाही मोठा विद्वान होता. मामाने निसर्गविषयक ज्ञानाचा प्रचंड कोश लिहिला. भारतातून येणाऱ्या मालापायी रोमचे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) बाहेर जातात, अशी तक्रार त्यातच नोंदवलेली आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि पाँपेई शहर गाडले गेले, तेव्हा मामा आरमाराचा प्रमुख होता. लोकांना वाचवायला तो जहाजे घेऊन निघाला आणि किनाऱ्यावरच मरण पावला. सतरा वर्षांचा भाचा त्या दिवशी आईपाशी थांबला होता, म्हणून वाचला.

उत्तर इटलीतल्या कोमो सरोवराकाठच्या गावचा हा मुलगा पुढे रोममध्ये नामांकित वकील झाला. इ. स. १०० मध्ये कॉन्सल या मानाच्या पदापर्यंत पोचला. माणूस वृत्तीने भला होता. आपल्या गावाला त्याने वाचनालय बांधून दिले, तिथल्या मुलांच्या शिक्षणाला मदत केली. घरातले गुलाम आजारी पडून दगावले, तर त्याला वाईट वाटे. कायद्याने गुलामाला मृत्युपत्र करण्याचा हक्क नव्हता, पण प्लिनी आपल्या गुलामांना ते करू देत असे आणि घरापुरते ते पाळतही असे. त्या काळाच्या मानाने हे फार झाले. बायको कालपूर्निया वयाने त्याच्यापेक्षा पुष्कळ लहान होती. ती प्रकृतीसाठी दूर गेली असताना त्याने तिला लिहिलेली पत्रे आजही एखाद्या नवपरिणित तरुणाची वाटावीत अशी आहेत.

म्हणजे आपल्या गोष्टीतला सुभेदार क्रूर नाही, लाचखाऊ नाही, अडाणी तर मुळीच नाही. ही गोष्ट पुढे वाचताना हे ध्यानात ठेवायला हवे.

आग विझवणाऱ्यांचीही भीती

बिथिनिया आणि पोंटस हा जोडप्रांत म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा उत्तर भाग. प्रांत श्रीमंत होता, पण कारभाराचा बट्ट्याबोळ झालेला. म्हणून सम्राट ट्राजनने प्लिनीला खास अधिकार देऊन तिथे धाडले. उन्हाळ्याच्या प्रवासात वाटेत तापाने फणफणलेला प्लिनी १७ सप्टेंबरला प्रांतात पोचला आणि लगेच हिशेबाच्या वह्या मागवू लागला.

वह्यांतून काय काय बाहेर आले! निकोमिडिया शहराने पाणी आणण्यासाठी ३३ लाखांहून अधिक सेस्टर्स खर्चून नळबांधणी सुरू केली आणि अर्ध्यावर सोडून दिली. मग दुसरी योजना हाती घेतली, तीवर २ लाख उडवले आणि तीही सोडली. निकिया शहरात एक कोटीहून अधिक खर्च झालेले नाट्यगृह पुरे होण्याआधीच खचत होते, भिंतींना तडे गेले होते. प्लिनीने रोमहून वास्तुतज्ज्ञ पाठवण्याची विनंती केली. ट्राजनने कळवले, की जाणकार माणसे प्रत्येक प्रांतात असतात. आमच्याकडे जे येतात ते तरी कुठून येतात? ग्रीकांकडूनच ना! टेंडर, ठेकेदार आणि तडे गेलेल्या भिंती या गोष्टी काही आजच्या नाहीत, एवढे समाधान वाचकांनी मानून घ्यावे.

पण आपल्या विषयाशी थेट संबंध आहे तो एका वेगळ्याच पत्राचा. निकोमिडियात मोठी आग लागली. घरे जळाली, दोन सार्वजनिक इमारती जळाल्या आणि लोक नुसते बघत उभे राहिले. शहरात पाणी मारायचा पंप नव्हता, साधी बादलीसुद्धा नव्हती. प्लिनीने सुचवले, की दीडशे कारागिरांचे एक अग्निशामक पथक नेमू, त्यांच्यावर मी जातीने लक्ष ठेवीन. सूचना किती साधी! पण ट्राजनने ती साफ फेटाळली. त्याचे म्हणणे असे, की या प्रांतात संघ-मंडळांनी पूर्वी बराच उपद्रव दिला आहे. नाव काहीही द्या, हेतू कोणताही सांगा, माणसे एकत्र जमू लागली की त्यांचे राजकीय टोळके व्हायला वेळ लागत नाही. तेव्हा बादल्या आणून ठेवा आणि घरमालकांनाच आग विझवू द्या.

ज्या राज्याला आग विझवायला जमणारी दीडशे माणसेही नकोशी वाटतात, त्या राज्यात पहाटे अंधारात गुपचूप जमणाऱ्यांकडे कशा नजरेने पाहिले जाईल, हे वेगळे सांगायला नको.

तंबू शिवणारे नवरा-बायको

ही पहाटे जमणारी माणसे तिथे आली कशी? येशूला रोमन सुभेदार पिलाताच्या हुकुमाने वधस्तंभावर चढवले गेले ते यरुशलेमेत, साधारण इ. स. ३० च्या आसपास. तिथून बिथिनिया हजारभर किलोमीटर दूर. मागे सैन्य नव्हते, पैसा नव्हता, राजाश्रय तर नव्हताच. मग ऐंशी वर्षांच्या आत हा पंथ तिथल्या खेड्यापाड्यांत कसा पोचला?

याचे बरेचसे श्रेय गमतीने रोमलाच द्यावे लागेल. रोमने सैन्य हलवण्यासाठी पक्के रस्ते बांधले, त्यावरून व्यापारी, कारागीर आणि गुलामही चालू लागले. समुद्रावरच्या चाच्यांचा रोमने बंदोबस्त केला, तारवे निर्धास्त फिरू लागली. सीरियापासून ग्रीसपर्यंत बाजारात, बंदरात सगळीकडे ग्रीक भाषा चाले. शिवाय मोठ्या शहरांतून ज्यू वस्त्या आणि त्यांची सभास्थाने होती. नव्या पंथाचे पहिले प्रचारक स्वतः ज्यू होते. परगावी पोचल्यावर पहिला उंबरा ते तिथलाच गाठत.

बायबलच्या नव्या करारात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याची हकीकत आहे. अक्विल्ला मूळचा पोंटसचा, म्हणजे प्लिनीच्याच प्रांताचा. धंदा तंबू शिवण्याचा. नवरा-बायको रोमला होती, तिथून ज्यूंना हुसकावले तेव्हा ग्रीसमधल्या करिंथला आली. तिथे त्यांची पौलाशी गाठ पडली. पौलही त्याच धंद्यातला, त्यामुळे तो त्यांच्याकडेच राहिला. दिवसा सुई-दोरा, रात्री चर्चा. पुढे हे जोडपे इफिससला गेले. जिथे गेले तिथे त्यांच्या घरात मंडळी जमू लागली. ख्रिस्ती धर्माचा पहिला प्रसार हा असा झाला. सुरुवातीच्या काळात वेगळी प्रार्थनामंदिरे नव्हतीच. कोणाच्या तरी ओसरीवर, माडीवर, कामाच्या जागी लोक जमत आणि यजमानीणबाई सगळ्यांचे जेवणखाण पाहत.

पौलाचे बिथिनियात जायचे एकदा ठरले होते, पण जाणे झाले नाही, असे 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात नमूद आहे. तरीही पंथ तिथे पोचलाच. नव्या करारातले पेत्राचे पहिले पत्र ज्या प्रांतांतल्या लोकांना उद्देशून आहे, त्यांत पोंटस आणि बिथिनिया ही दोन्ही नावे आहेत. मोठा प्रचारक गेला नाही तरी साधी माणसे गेली होती.

आणि लोकांना त्यात काय मिळे? एकाच पंगतीला मालक आणि गुलाम बसत. विधवांची, अनाथांची सोय मंडळी पाहत. कोणी मेला तर चार माणसे पुरायला येत. ज्यांना समाजात 'अमक्याचा गुलाम' याखेरीज ओळख नव्हती, त्यांना कोणीतरी 'भाऊ', 'बहीण' म्हणत होते. याचे मोल आपण कमी लेखू नये.

एक चिमूट धूप

मग रोमला यात खुपण्यासारखे काय होते? रोमन लोक देवांच्या बाबतीत तसे उदार. इजिप्तची इसिस देवी असो, इराणकडचा मिथ्र असो, सगळ्यांना रोममध्ये जागा होती. पण एक अट होती. तुमचा देव तुम्ही पुजा, मात्र नगराच्या देवांना आणि सम्राटाच्या प्रतिमेला मान द्या. देव संतुष्ट तर राज्य सुरक्षित, अशी त्यांची श्रद्धा. धूप घालणे हे त्यांच्या लेखी भक्तीइतकेच नागरिकाचे कर्तव्य होते. ज्यूंना यातून सूट होती, कारण त्यांचा धर्म पुरातन, वाडवडिलांचा. ख्रिस्ती पंथ मात्र कालचा, आणि तोही रोमनेच देहदंड दिलेल्या माणसाला देव मानणारा!

त्यातून अफवा. ही माणसे एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतात आणि लग्नेही आपसात करतात, म्हणजे यांच्यात काही विधिनिषेध नाही. देह खातात, रक्त पितात असे काहीतरी बोलतात, म्हणजे नरमांस खात असणार. इ. स. ६४ मध्ये रोम शहर जळाले तेव्हा सम्राट नीरोने स्वतःवरचा संशय झटकण्यासाठी याच लोकांवर खापर फोडले आणि भयंकर हाल करून त्यांना मारले. हे लिहून ठेवले ते इतिहासकार टॅसिटसने. हा टॅसिटस प्लिनीचा जिवलग मित्र. ख्रिस्ती लोकांविषयी त्यालाही प्रेम नव्हते. तरीसुद्धा, एका माणसाच्या क्रौर्याची हौस भागवण्यासाठी हे बळी जात आहेत असे वाटून लोकांनाही दया आली, असे त्याने नोंदवले आहे.

चौकशी

आता त्या पत्राकडे वळू. प्लिनी सम्राटाला सांगतो, की अशा खटल्यांना मी पूर्वी कधी हजर नव्हतो, त्यामुळे पद्धत मला ठाऊक नाही. लहान मुले आणि मोठी माणसे यांत फरक करावा का? पश्चात्ताप झाला तर माफी द्यावी का? आणि शिक्षा नुसत्या 'ख्रिस्ती' या नावाला आहे, की त्या नावाआड घडलेल्या गुन्ह्यांना?

शेवटचा प्रश्न लाख मोलाचा. एवढा मोठा कायदेपंडित विचारतो आहे, की यांचा गुन्हा नेमका कोणता? पण खेदाची गोष्ट अशी, की हा प्रश्न विचारण्याआधीच त्याने काही जणांना मृत्युदंड देऊन टाकला होता. त्याची रीत ठरलेली होती. आरोपीला विचारायचे, तू ख्रिस्ती आहेस का? 'हो' म्हणाला तर शिक्षेची भीती घालून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारायचे. तरीही 'हो' म्हणाला तर वधाला पाठवायचे. समर्थन काय? यांचा पंथ कसाही असो, हा हट्ट, ही ताठरता तरी नक्कीच शिक्षेला पात्र आहे! जे रोमन नागरिक होते त्यांची नावे रोमला पाठवण्यासाठी वेगळी काढली. नागरिकाला रोमपर्यंत जाण्याचा मार्ग मोकळा होता, इतरांना नव्हता.

खटले सुरू झाले म्हटल्यावर तक्रारी वाढल्या आणि ती निनावी यादी आली. यादीतल्या लोकांना बोलावले. काहींनी आपण ख्रिस्ती नाही असे सांगितले. त्यांच्यापुढे देवांच्या मूर्ती आणि ट्राजनची प्रतिमा ठेवली. त्यांनी प्रार्थना केली, धूप आणि मद्य वाहिले, ख्रिस्ताला शिव्याशाप दिले आणि ते सुटले. कारण खरा ख्रिस्ती मनुष्य यांतले काहीच करणार नाही, हे प्लिनीने ऐकले होते.

काही म्हणाले, होतो, पण आता नाही. कोणी तीन वर्षांपूर्वी सोडले, कोणी त्याहून आधी, कोणी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी. आता या मंडळींना खोटे बोलण्याचे कारण नव्हते. त्यांना विचारले, तुम्ही तिथे करत तरी काय होता? त्यांनी सांगितले ते ऐकून प्लिनी बुचकळ्यात पडला असणार. ठरल्या दिवशी पहाटे, उजाडण्यापूर्वी आम्ही जमत असू. ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणत असू. मग शपथ घेत असू. शपथ कसली? चोरी करणार नाही, वाटमारी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही आणि विश्वासाने ठेवायला दिलेली ठेव नाकारणार नाही. मग आपापल्या घरी जाऊन पुन्हा जेवायला एकत्र येत असू, आणि जेवणही साधेच, चारचौघांसारखे. तुमचा मंडळबंदीचा हुकूम निघाल्यावर तेही बंद केले.

त्या शेवटच्या शपथेपाशी जरा थांबावे. ठेव नाकारणार नाही! त्या काळी गरिबाच्या चार नाण्यांना पतपेढी कुठली? ती कोणाकडे तरी विश्वासाने ठेवायची आणि परत मिळतील अशी आशा करायची. आकाशातल्या गूढ गोष्टींबरोबर ही बाजारातली, रोजच्या व्यवहारातली सचोटी या लोकांना महत्त्वाची वाटत होती.

प्लिनीला हे खरे वाटेना. त्याने दोन दासींना पकडून आणले. मंडळीत या दोघींना 'सेविका' म्हणत, असे तो लिहितो. म्हणजे त्यांना तिथे काही पद होते. मालकाच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला मंडळीत मान होता! गुलामाची साक्ष छळ केल्याखेरीज खरी धरायची नाही, असा रोमन कायद्याचा दंडक होता. त्याप्रमाणे या दोघींचा छळ करण्यात आला.

आणि निष्पन्न काय झाले? नरमांस नाही, व्यभिचार नाही, कट नाही. प्लिनी लिहितो, की मला एका हीन आणि अतिरेकी अंधश्रद्धेपलीकडे काहीही सापडले नाही. त्या दोन बायकांचा उल्लेख एवढाच, एका वाक्याचा. त्यांची नावे नाहीत, वये नाहीत, पुढे त्यांचे काय झाले तेही नाही.

सम्राटाचे उत्तर

प्लिनीने सुनावणी थांबवली आणि पत्र धाडले. घाबरण्याचे कारण त्याने सांगितले आहे. आरोपींची संख्या फार आहे. सर्व वयांचे, सर्व थरांचे, बायका आणि पुरुष दोन्ही. ही लागण शहरांपुरती राहिलेली नाही, खेड्यांत, शेतांवर पोचली आहे. पण अजून आवरता येईल. ओस पडलेल्या देवळांत लोक पुन्हा येऊ लागले आहेत आणि बळीच्या जनावरांना पुन्हा गिऱ्हाईक मिळू लागले आहे. देवळांवर ज्यांचे पोट होते त्यांनीच तर तक्रारी केल्या नसतील ना, असा तर्क काही अभ्यासक यावरून करतात.

ट्राजनचे उत्तर चार ओळींचे. तू केलेस ते योग्य केलेस. सगळीकडे लागू होईल असा एकच नियम यात करता येणार नाही. या लोकांना हुडकत फिरू नये. कोणी समोर आणून आरोप सिद्ध केला तर शिक्षा करावी. पण जो आपल्या देवांची पूजा करून दाखवील त्याला, पूर्वी काहीही असला तरी, माफी द्यावी. आणि निनावी तक्रारींना कोणत्याही खटल्यात थारा देऊ नये. तो पायंडा वाईट आणि आपल्या काळाला न शोभणारा.

शेवटची सूचना वाचून आपण मान डोलावतो. निनावी पत्राला केराची टोपली दाखवणारा राजा एकोणीसशे वर्षांपूर्वी होऊन गेला! पण बाकीचे? पुढे सुमारे ८५ वर्षांनी कार्थेजच्या टर्टुलियन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने या हुकुमातली विसंगती नेमकी पकडली. शोधू नका म्हणता, म्हणजे ते निरपराध. सापडले तर मारा म्हणता, म्हणजे ते अपराधी. हा न्याय कुठला? याला उत्तर नव्हते. पण मधला मार्ग सोयीचा होता, आणि पुढची सव्वाशेहून अधिक वर्षे रोमन अधिकारी साधारण याच वाटेने चालत राहिले.

त्याच मातीत

काळाची गंमत पाहा. इ. स. २४९-५० मध्ये सम्राट डेसियसने सर्वांनी बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा असा हुकूम काढला. असे दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत. नंतर सम्राट डायोक्लेशियनच्या कारकीर्दीत सर्वांत मोठा छळ सुरू झाला तो निकोमिडियातूनच. २३ फेब्रुवारी ३०३ रोजी राजवाड्यासमोरचे चर्च पाडण्यात आले. आठ वर्षांनी, ३० एप्रिल ३११ रोजी, त्याच निकोमिडियात सम्राट गॅलेरियसचे फर्मान लागले, की ख्रिस्ती लोकांनी खुशाल आपल्या देवाची प्रार्थना करावी. जून ३१३ मध्ये जप्त मालमत्ता परत देण्याचा हुकूमही तिथेच लागला. आणि ३२५ साली, ज्या निकियातल्या नाट्यगृहाच्या भिंतींना तडे गेले होते, त्या निकियात सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशपांची महापरिषद भरवली. पुढे ३३७ मध्ये निकोमिडियाजवळच त्याने बाप्तिस्मा घेतला आणि देह ठेवला.

पण गोष्ट इथे गोड झाली असे मानू नये. ३८० साली सम्राट थिओडोसियसने परिषदेने मान्य केलेला ख्रिस्ती मार्ग हाच खरा असे जाहीर केले. ३९१-९२ मध्ये जुन्या देवांपुढचे बळी आणि पूजा यांवर बंदी आली. जो धूप न घातल्याबद्दल एकेकाळी शिक्षा होई, तो घातल्याबद्दल आता शिक्षा होऊ लागली. सत्तेची खुर्ची तीच, बसणारा बदलला. छळ सोसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या छळाची जाणीव आपोआप राहते असे नाही, हा इतिहासाचा कडू धडा.

निकिया म्हणजे आजचे तुर्कस्तानातले इझनिक. तिथल्या तळ्याच्या पाण्याखाली एका जुन्या चर्चचा पाया होता, तो २०१४ साली आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांत उठून दिसला. परिषदेला १७०० वर्षे झाली म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे तिथे गेले होते. रोमन नाट्यगृहाचे अवशेषही त्या गावात उभे आहेत.

शेवटचे पत्र

प्लिनीची ही पत्रे आपल्यापर्यंत आली तीही नशिबाने. पॅरिसमध्ये एक जुनी हस्तलिखित पोथी सापडली, तिच्यावरून नकला झाल्या. १५०८ मध्ये व्हेनिसच्या आल्डस या मुद्रकाने सगळी पत्रे छापली आणि मूळ पोथी त्यानंतर नाहीशी झाली. थोडा उशीर झाला असता, तर त्या दोन दासी होत्या हेही कोणाला कळले नसते.

या संग्रहातले प्लिनीचे शेवटचे पत्र त्याच्या बायकोविषयी आहे. कालपूर्नियाचे आजोबा इटलीत वारले. तिला आत्याला भेटायला तातडीने जायचे होते. सरकारी टपालगाड्यांचा परवाना खासगी कामाला द्यायचा नाही असा नियम. प्लिनीने आयुष्यात पहिल्यांदाच तो मोडला, बायकोला परवाना दिला आणि सम्राटाची क्षमा मागितली. परवानगीची वाट पाहिली असती तर उशीर झाला असता, असे त्याने लिहिले. ट्राजनने प्रेमाने कळवले, की ठीकच केलेस. पत्रव्यवहार इथे थांबतो. प्लिनी त्या प्रांतातच वारला असावा, असे मानतात.

ते पत्र वाचताना प्लिनी आपल्याला आपल्यातलाच वाटतो. बायकोचा जीव आत्यासाठी कासावीस झाला, हे त्याला समजले. तिच्यासाठी नियम वाकवताना त्याचा हात अडखळला नाही. त्याच हाताने काही महिने आधी दोन बायकांच्या छळाचा हुकूम निघाला होता. त्या वेळी मात्र नियम वाकला नाही. त्याही कोणाच्या तरी भाच्या, कोणाच्या तरी नाती असतील, हा विचार त्याच्या मनात आला नसेल का? आला असेलही. पत्रात तो नाही.

चांगली माणसे वाईट कामे बहुधा अशीच करत असावीत. दुष्टपणाने नव्हे, नियमाप्रमाणे. फाइल व्यवस्थित ठेवून, वरिष्ठांना विचारून, मनातली शंका शेवटच्या परिच्छेदात नोंदवून. प्लिनीला योग्य प्रश्न सुचला होता. या माणसांचा गुन्हा कोणता, हा तो प्रश्न. फक्त तो त्याने शिक्षा दिल्यानंतर विचारला.

ती यादी लिहिणारा 'हितचिंतक' शेवटपर्यंत निनावी राहिला, आणि त्या दोघीही निनावीच राहिल्या. पण पहाटेच्या अंधारात, दिवा लावून, कोणाची ठेव बुडवणार नाही अशी शपथ घेणारी साधी माणसे तेव्हा होती, हे आज आपल्याला ठाऊक आहे ते त्या दोघींमुळे आणि प्लिनीपुढे उभ्या राहिलेल्या तशाच साध्या लोकांमुळे. सम्राटाचे नाव सगळ्यांच्या ध्यानात राहते. पुढच्या वेळी इतिहासाचे पुस्तक उघडाल तेव्हा त्या दोघींचीही क्षणभर आठवण करा.